लिंबावरची बाई, दुर्बिणीतली फुली

१८ ऑगस्ट ५३
सकाळी जाळी काढली. माजघरात लांबटंगे तीन, देव्हाऱ्यामागे एक. चौघांना झाडूवर घेऊन परसात झटकलं. न्हाणीतल्या पैलवानाला झाडू लावणार, तोच हे टेबलावरून ओरडले, "त्याला हात लावू नगंस!" पैलवान म्हणजे तळहाताएवढा चपटा कोळी. जाळं विणत नाही, भिंतीवर नुसता पसरून बसतो. झुरळं खातो म्हणून ह्यांच्या राज्यात त्याला माफी. मी अंगावर पाणी घेताना तो बघत बसतो, त्याचं कुणाला काही नाही.
एकवीस वर्षं संसार झाला. कुठला कोळी मारायचा आणि कुठल्याला मान द्यायचा, हे माहेरी कुणी शिकवलं नव्हतं.

२२ ऑगस्ट
ओव्हरसियर माने लेव्हलची दुर्बीण घेऊन आले. रस्त्याच्या, पाटाच्या कामावर चढउतार मोजायची ती. आतली फुली तुटलीय. माने नोकरीत नवे. त्यांना वाटलेलं, फुली काचेवर कोरलेली असते. ह्यांनी रुपयाएवढी पितळी कडी बाहेर काढून दाखवली. तिच्यावर एक धागा आडवा, एक उभा बसवायचा, टोकं लाखेनं चिकटवायची. "कोळ्याचा धागा लागतोय. केस लावला तर आत वासा दिसंल." माने कडीकडे बघतात, परत ह्यांच्याकडे बघतात.
दसऱ्यानंतर काम सुरू, तोवर हवी. संस्थान विलीन झालं आणि खात्यातलं ह्यांचं टेबल घरी आलं, तरी असली कामं घर शोधत येतात. पुण्याच्या अलीकडे हे करणारं दुसरं कोणी नाही, असं हे सगळ्यांना सांगतात. मी खोडून काढत नाही. माझ्याही छातीत जरा हवा भरते.

२५ ऑगस्ट
परसातल्या लिंबावर बाई आली! दर पावसाळ्यात येते. पाठीवर पिवळे पट्टे, मोठं गोल जाळं, मधोमध पांढरी फुली विणून तिच्यावर पाय जोडीजोडीनं ठेवून उलटी बसते. लांबटंग्यांचा धागा धुळीनं भरलेला, पैलवान तर विणतच नाही. दुर्बिणीला चालतो तो हिचाच. "बघ, आपल्या आधी हिनं फुली काढून ठेवलीया," हे म्हणाले. दरवर्षी म्हणतात. दरवर्षी मी हसते.
एरवी तिला पहिल्यांदा हे बघतात. यंदा मी हाक मारली. हे तरातरा आले आणि सरळ जाळ्यातच तोंड घातलं. मिशीला जाळं, चेहरा बघण्यासारखा! बाईनं दुपारपर्यंत नवं विणलं.

४ सप्टें.
बाईला काडीवर घेतलं, हात हलवला, ती धाग्यावर लोंबकळत खाली उतरली. हे तारेच्या बेचक्यावर धागा गुंडाळत गेले. हे सगळं छान. पण कडीवर बसवताना तुटला. दुसरा, तिसरा, तोही तुटला.
"कच्चा हाय धागा."

९ स.
आज चार गेले. "गाठीचा हाय." मग ठरलं की बाईचं खाणं सुधारायचं. चांगल्या घरची मी, पेला घेऊन खिडकीतल्या माश्या धरत फिरतेय. शेजारच्या सुमनताईंनी विचारलं, काय चाललंय. म्हटलं, काचा पुसते.

१२ स.
भांडण. बाईला आत आणलंय. पावसानं धागा भिजतो म्हणे. ठेवली कुठं? माझ्या दुधाच्या जाळीच्या कपाटात, वरच्या फळीवर!
"आणि दूध?"
"खालच्या फळीवर ठेव की. ती काय दूध पीत न्हाय."
दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी ह्यांनी न सांगता पाटाभर खोबरं खवून ठेवलं. त्यात करवंटी पण खवलेली. तरी मी बोलले.

१७ स.
ह्यांच्या सदऱ्याची बटणं एक सोडून एक लावलेली. वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते हल्ली. "आजकाल शाई पातळ वापरतात," असं ह्यांचं म्हणणं. मला तर छापा बरा वाटला.
धागे आज सहा गेले. बाईवर राग. "म्हातारी झालीया ती." बाई कपाटात शांत. मला तिची बाजू घ्यावीशी वाटली. काय हे.

२८ स.
नणंद आली निपाणीहून, नवरात्रापर्यंत राहील. आम्ही तिला अक्का म्हणतो. ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, पण झाडू धरला की विशीतली. आल्या आल्या कपाट उघडलं.
"अय्यो! तम्मा, दुधाच्या कपाटात कोळी? ह्यो काय वेडेपणा?"
तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तिकडच्या कानडीत. हा तम्मा बावन्न वर्षांचा, पण अक्कापुढे मान खाली. "कामाचा हाय तो, अक्का."
"घट बसायच्या आत घरात एक जाळं दिसता कामा न्हाय. सांगून ठेवते."
न्हाणीत पैलवान दिसल्यावर तिची किंकाळी कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत गेली असावी.

३ ऑक्टो.
वाईट दिवस. मी मंडईत गेलते, हे मान्यांना भेटायला. हिवतापाचे डी.डी.टी.वाले गल्लीत फवारायला आले. अक्कानं त्यांना हात धरून आत नेलं असणार. भांडी, धान्य, दूध सगळं नीट बाहेर काढलं, झाकलं, घर मोकळं करून दिलं. कपाट तेवढं भिंतीला होतं. त्यांनी वर, खाली, मागे फवारलं, आणि जाताना गेरूनं दारावर तारीख लिहिली.
मी आले तेव्हा बाई कपाटाच्या तळाला पडली होती, पाय मिटून. पैलवानही न्हाणीत उलटा. अक्का अभिमानानं सांगतेय, "एक शिल्लक ऱ्हायला न्हाय बघ!"
माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अक्का बघतच राहिली. कोळ्यासाठी रडणारी बाई तिनं पहिल्यांदा पाहिली असेल. मीही.

४ ऑक्टो.
काल वाटलं होतं हे घर डोक्यावर घेतील. काही नाही. कपाटात वाकून बघितलं, म्हणाले, "गेली व्हय," आणि पाटावर बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर अक्काला म्हणाले, "तुझं काय चुकलं? आता बाईच न्हाय तर धागा कुठला. मान्यांस्नी सांगतो, मुंबईला पाठवा म्हणावं."
चेहरा कसा होता? सुटल्यासारखा. ओझं उतरल्यासारखा. मला तो चेहरा आवडला नाही. दिवसभर डोक्यातून जात नाही.

५ ऑक्टो.
हे देवळात गेल्यावर टेबलाचा खण उघडला. बाईचा शेवटचा धागा बेचक्यावर तसाच, "कच्चा" म्हणून टाकलेला. माझ्या काळ्या चोळीवर धरून बघितला. एकसारखा. कुठं गाठ नाही. बोटानं जरा दाबला, वाकला, तुटला नाही.
मग कडी बघितली. तुटलेल्या धाग्यांची टोकं आणि लाखेचे थेंब तिच्यावर तसेच. एकही थेंब जागेवर नाही. कडीवर धागा बसायला बारीक चरा असतो, सगळे थेंब त्याच्या बाजूला, कुठं जोंधळ्याएवढं अंतर.
मग सगळं ओळीनं आठवलं. मिशीतलं जाळं. करवंटी. बटणं. पातळ शाई.
बाईचा धागा चांगलाच होता. ह्यांना दिसत नाही.
कुणाला सांगू? अक्काला नाही. ह्यांनाच कसं विचारू, ते—

८ ऑक्टो.
घट बसले. माने येऊन गेले. हे त्यांना म्हणायला लागले, "मुंबईला," आणि मी आतून मोठ्यांदा म्हटलं, "दसऱ्याला तयार हाय म्हणून सांगा!" हे माझ्याकडे वळून बघत राहिले. मी कोथिंबीर निवडत राहिले.

११ ऑक्टो.
हे रोज सकाळी अंबाबाईला जातात, तासभर मिळतो. कडी पुढ्यात घेतली, भिंग डोळ्याला. पहिला धागा श्वासानंच उडाला. दुसरा तुटला. हात गव्हले वळायला बसलेला आहे, जिऱ्याएवढा गव्हला मी न बघता वळते, तरी हे काम काही वेगळंच.
अक्कानं दारातून बघितलं. म्हटलं आता विचारणार. ती नुसतं म्हणाली, "दाराशी बसते. तम्मा आला की खोकते."
तिला कधी कळलं? धाकट्याला ती माझ्याआधीपासून ओळखते, हे मी विसरलेच होते.

१३ ऑक्टो.
आडवा बसला. श्वास धरून चऱ्यात उतरवला, लाखेचा थेंब, दुसरं टोक, थेंब. गरम ओल्या फडक्याची वाफ दिली, ताठ झाला. मी एकटीच टेबलाशी हसत बसले.

१५ ऑक्टो.
उभाही! बेचक्यावर आता बोटभर धागा उरलाय. कडी दुर्बिणीत घातली, चार स्क्रू, खण बंद. अक्का एकदाही खोकली नाही.

खंडेनवमी
हत्यारांची पूजा. पाटावर चिमटे, भिंग, तारेचं बेचकं, दुर्बीण. झेंडूची फुलं. हे पुसायला बसले. दुर्बीण पुसली आणि सवयीनं खिडकीकडे धरून डोळा लावला. आभाळाच्या उजेडावर आणि काचेतून मोठी होऊन फुली दिसते, तेवढं दिसलं.
किती वेळ डोळा काढलाच नाही.
"कुणी बसवली?"
"तुम्हीच की. परवा."
"मी?"
"व्हय."
दुर्बीण मांडीवर ठेवली. मग अगदी हळू, "इंदू, शिमग्यापास्नं दिसत न्हाय गं मला. धुकं हाय समदं. तुला सांगणार कसं? कोळ्याच्या धाग्यावर तर माझं नाव चालतंय."
मी म्हटलं, नाव चालतंय ते चालू दे. रडले, रागावलेही. बिचाऱ्या बाईला म्हातारी म्हणालात! हे हसले, डोळे पुसले, आणि मग शिकवायला लागले. माझा उभा धागा केसभर तिरका आहे म्हणे. दिसत नाही म्हणणाऱ्या माणसाला हे बरं दिसलं.

दसरा
माने दुर्बीण घेऊन गेले. माझं नाव ह्यांनी सांगितलं नाही. मी सांगू दिलं नाही. सोनं देताना ह्यांनी माझ्या हातात आपट्याच्या पानाबरोबर चिमटा ठेवला.

२४ ऑक्टो.
अक्का निपाणीला गेली. जायच्या आधी परसातून हाका. लिंबावर दुसरी बाई! अक्का झाडू हातात घेऊन पहाऱ्याला उभी. "हिला कुणी हात लावायचा न्हाय. तम्माची हाय." फवारणी घरातच झाली होती, लिंब वाचला.

१० नोव्हें.
मिरजेला डोळे दाखवले. मोतीबिंदू, दोन्हीकडे. आधी उजवा काढणार, येत्या सोमवारी. बरेच दिवस पट्टी, मग जाड चष्मा. बारीक काम जमेल का? डॉक्टर म्हणाले, आत्ता सांगता येत नाही. गाडीत हे माझा हात धरून बसले, लोकांदेखत, एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ नोव्हें.
उद्या निघायचं. वळकटी बांधली. जायच्या आधी ह्यांना लिंबाशी जायचं होतं. हाताला धरून नेलं. वर मान करून उभे राहिले.
"हाय का बाई?"
जाळं सकाळीच रिकामं दिसलं होतं. फाटलेलं, फुलीही निम्मी. बाई तीन दिवस कुठं नाही.
"हाय," मी म्हटलं.
"बसलीया मधोमध?"
"व्हय. पाय जोडीजोडीनं."
"आल्यावर बघतो."
"बघा की."
ह्यांना आत बसवून मी परत गेले. एका पानाखाली बोराएवढी पिशवी आहे, तिनं विणून ठेवलेली, अंड्यांची. पानावर राख घालून मुंग्यांची वाट मोडली. पिल्लं किती दिवसांत सुटतात, हे सगळ्या कोल्हापुरात ह्यांनाच ठाऊक, आणि ह्यांनाच विचारता येत नाही.