आतल्या मेमरीतले नऊ फोटो

१४ नोव्हें., शुक्र.
किहीमला येऊन आठ महिने. आज भाड्याचे अकरा कॅमेरे परत आले, सातांत वाळू. मुंबईच्या पोरांना फोटो जुन्या कॅमेऱ्याचेच पाहिजेत, अन् ठेवणार ओल्या वाळूत. लेन्स कर्र करून अडकते. एकानं दातानं ओढलेली. त्याचे दात पाडणार होतो. नाना, मालक, म्हणले गिऱ्हाइकाला हात लावलास तर हिंगोलीची गाडी धर.
नानांचा नियम: पुस, एक फोटो काढून बघ, फॉरमॅट मारून आतले सगळे फोटो उडव, कपाटात ठेव. दिवसात वीसदा होतं. बोटं आपोआप चालतात.

१६, रवि.
हिराबाय कोळीण आली. पोराचा, दिनेशचा कॅमेरा. मागच्या आठवड्यात समुद्रात जाळ्यावरून भांडण. कोळीवाड्यातलाच जन्या ह्यांच्या बोटीवर चढला, सळई घातली. दिनेशचा डावा डोळा गेला. जन्या म्हणतो दोर तुटून लागला. पण दिनेश तोवर फोटो काढत होता. कॅमेरा बोटीच्या तळाच्या पाण्यात पडला.
बाईनं तो गोड्या पाण्यात धुतला नाही. बोंबलांसोबत उन्हात वाळत घातला, चार दिवस. त्यात मेमरी कार्ड नाही, सगळं कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीत. कॅमेरा चालला तरच फोटो.
"पोरा, डोला गेला माजे पोराचा. त्या फोटूत जन्या हाय. मना काडून दे."
म्हणलो, देतो. कशाच्या जिवावर म्हणलो?

१८, मंगळ.
उघडला. आत मिठाचा थर, बोंबलाचा वास. ब्रश, स्पिरिट, परत ब्रश. बॅटरी घालून बघितली, परत खोलताना फ्लॅशच्या कपॅसिटरला बोट लागलं. कोपरापर्यंत झटका, डोकं फळीवर. कॅमेरा भिंतीवर मारावा वाटला. नाही मारला.

२०, गुरु.
चालू! नऊ फोटो. सातव्यात जन्या, सळई वर, मागं बोटीचा नंबर. आठव्यात त्याचं तोंड, जवळून. नववा नुसतं आभाळ.
लेन्स अजून अडखळत होती. पुसली. भिंतीचा एक फोटो काढला. फॉरमॅट मारला.
मारला.
लॅपटॉप लावला. फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर कार्डाचं वाचतं, आतल्या मेमरीला शिवत नाही. दुपारभर तेच. मग अंगठा हातोडीखाली धरला. एकदा घातली. दुसऱ्यांदा हात उठला नाही.
नानांना सांगितलं नाही.

२१, शुक्र.
जन्या आला, दोन खलाशी घेऊन. कॅमेरा इथं आलाय हे त्याला कळलेलं. नाना मागच्या खोलीत, आतून कडी. जन्या म्हणला फोटू पूस, माझ्यासमोर. "पुसलेत" एवढं म्हणलो असतो तर हात जोडून गेला असता. नाही म्हणलो. म्हणलो, "मार. दुसरीकडं ठेवलेत." कॅमेऱ्याच्या स्टँडच्या पायानं पाठ फोडली. खाली पाडून लाथा. त्याच्या दंडाला चावलो, मांस लागेपर्यंत. रक्त खारट, इथलं सगळंच खारट. माझा एक दात गेला. लई बरं वाटलं. का ते लिहीत नाही.

२३, रवि.
हिराबाय आली. जन्यानं निरोप धाडला, मंगळवारी गावकीत उभा राहतो, सळई मारली म्हणून कबूल करतो, फोटू पोलिसात देऊ नका. बाईनं माझ्या सुजल्या तोंडावरून हात फिरवला. म्हणली, माज्यापायी मार खाल्लास. मी मान खाली. वर बघवेना. जाताना म्हणली, पंच फोटू मागतील, कॅमेरा मंगळवारी संगती न्यावा लागंल.
नसलेल्या फोटोंना भिऊन जन्या कबूल होतोय. पंचांनी कॅमेरा उघडून बघितला तर?

२४, सोम.
सकाळी दिनेश. डोळ्यावर पट्टी. पहिल्यांदाच बघितला, माझ्याच वयाचा. कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा केला, म्हणला, "दाखव. त्याचं तोंड मला एकदा बघायचंय."
म्हणलो बॅटरी उतरलीय, चार्जिंगला लावतो.
"लाव. बसतो."
समोर स्टुलावर बसलाय, उरलेला डोळा चार्जरवर. मी वही पुढं ओढून काम लिहितोय असं दाखवतोय. दिवा लाल आहे अजून. हिरवा झाला की मी—