बँड पार्टीची गच्चीवरची पाटी

फोन काय पूजेले मांडून ठेवाले घेतला का रे? लावून लावून माह्यं बोट झिजलं, अन् तिकून ती बाई सांगते का ग्राहक उत्तर देत नाही. तिले म्हणाव, तू मले नवीन काय सांगतं? हा ग्राहक बारा वर्षांपासून देत नाई.

असो. चिरंजीव कवडूले वहिनीचा आशीर्वाद. दम्याचा तरास कमी असन. बिडी कमी करजो (बंद कर म्हणत नाई, तुह्या बापानंबी आयकलं नाई). तुह्या पंचफुलाचे गुडघे कसे हायेत? माहे आपल्या जागी हायेत, येवढंच. माही नात स्वीटी मजेत. मोबाईलातून मान वर काढली का तुले नमस्कार सांगन.

कारण असं, का नगरपरिषद गच्चीवरची आपली बँडची पाटी उतरवून राह्यली. कुठंतरी वादळात मोठा फलक पडला, तवापासून सगळ्याईच्या गच्च्या पाहून राह्यले. अनुप नावाचा पोरगा मापाचा टेप अन् नोटीस घेऊन आला. म्हणे, आजी, गच्चीवर जाहिरात लावाले परवानगी लागते. म्हटलं, जाहिरात कायची बापू, पाटीवर नाव हाये तो माहा नवरा होय. मेलेल्या माणसाची कोन जाहिरात करते?

पोरगं सालस. च्या घेतला अन् सूट कोनाकोनाले हाये ते समजावून सांगतलं. देवाधर्माची पाटी चालते. सणासुदीची चार दिवस चालते. अन् ज्या घरात धंदा चालू हाये, त्या घरावर त्याच धंद्याची लहान पाटी चालते. म्हटलं, इतके दरवाजे हायेत त एखादा उघडनच. पहिले पाटीले शेंदूर फासला. अनुपनं येऊन हात जोडले अन् इचारलं, देव कोन्ता, आजी? माह्या तोंडातून निघालं, बँडोबा. असा देव चालत नाई म्हणून तो गेला अन् शेजारची शोभाबाई नारळ घेऊन हजर (नारळ मी ठेवून घेतला, देव मोडला म्हणून नारळ काय वापस देते का).

मंग म्हटलं, धंदा चालू हाये. तो म्हणे, वाजवून दाखवा. मोठ्या ढोलाचं चामडं उंदरानं खाल्लं, म्हणून खुंटीवरचं तुह्या भावाचं ट्रम्पेट काढलं. ज्या तोंडानं जलमभर चूल फुंकली त्याच तोंडानं ते फुंकलं. शोभाबाई धावत आली, इचारते, म्हैस व्याली का वो, रुख्माबाई? अनुप मात्र हासला नाई. म्हणे, सोमवारी मोठे साहेब येतीन. त्या दिवशी या घरात बँड वाजला त पाटी राहीन, नाई त सोमवारीच उतरन.

तू म्हणशीन, ज्या पाटीपायी घर सोडलं तिच्यापायी मी काऊन येऊ? खरं हाये. हिरालाल पेंटरनं उजवीकडं पहिले 'बँड पार्टी' लिहिलं, डावीकडं बैलायेवढं 'रूपराव' लिहिलं, अन् मधात तुह्या नावाले बोटभर जागा उरली. मी तवाच म्हटलं होतं का आधी खडूनं आखून घे. बाईचं कोन आयकते? तू क्लॅरिनेट उचललं अन् हिंगणीले सासऱ्याच्या घरी जाऊन बसला. तुह्या भावानंबी ताठा सोडला नाई. दोघंबी येकाच मायचे.

त्याच्या मौतीले तू आलता. लिंबाखाली उभा राह्यला, च्या न घेता गेला. पिशवीत क्लॅरिनेट होतं. मले दिसलं.

मी रडत नाई, तुले ठाऊक हाये. पण सकाळी वाळवण घालाले वर गेली का पाटीकडं नजर जाते. या वयात नवीन सवय कोन लावन?

तुही वहिनी,
रुख्माबाई

ता.क. पाटी मापापरीस मोठी निघाली. कापली तरच सूट भेटते म्हणे. तानबा पत्रेवाल्यानं इचारलं, काकू, कोन्त्या बाजूनं कापू? मी तुह्या भावाच्या बाजूनं कापाले लावली. आता वर 'कवडू बँड पार्टी' येवढंच हाये. कापलेला पत्रा पाण्याच्या टाकीवर झाकला. जलमभर लय जागा घेतली त्यानं, आता कामी आला.

आनखी ता.क. झाकताना अक्षरं वरच्या बाजूले ठेवली. खालच्या बाजूले ठेवली असती त वाफेनं रंग निघाला असता, दुसरं काई कारण नाई.

शेवटचं. नोटिशीले उत्तर द्या लागते. ते तूच देजो, सोमवारी, गच्चीवर उभं राहून, क्लॅरिनेटनं. पंचफुलाच्या हातून निरोप धाडू नको. ज्याचं नाव वर हाये त्यानंच उत्तर द्यावं.