घंटीपर्यंतची रेघ

पुसद, पौष महिना

लखीरामच्या बापाले रुपीचा रामराम.

तुमचा-माहा नातू हरसिंग खुशाल हाय. कुस्तीत उजवा खांदा निसटलता, थो बसवला. मी रोज तेल चोळून राह्यली.

हात उचलाले त्यानं भिंतीवर कोळशानं रेघा मारल्या. पह्यली छातीपाशी, मंग कानापाशी, शेवटची तालमीतल्या मारुतीच्या घंटीएवढी उंच. परवा कानाची गाठली! म्या शेजारणीले गूळ वाटला.

काळी गाय व्याली काय?

काल दूध घेऊन तालमीच्या दारात गेली, तं घंटी वाजली. मले केवढा आनंद! डोकावून पाह्यलं, तं हात डावा होता. मी दूध तसंच घेऊन परतली.

दारव्ह्याच्या कुस्त्याच्या दंगलीत तुमी त्याचं नाव दिलं असन तं काढा. त्याले सांगू नका. घंटीची रेघ त्यानं अजून पुसली नाही.

तब्येत सांभाळा.
रुपी