आण्णाचं लाल तोंड

शुक्रवार, दिवेलागण. नेकनूर.

आज जिवाला गार वाटलं. लई गार.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी रोज भरभर चालायला सांगितलं, तेव्हापासून हा ताप. जरा जोरात चाललो की माझं तोंड मिरचीसारखं लाल होतं, घामानं सदरा भिजतो. डॉक्टर म्हणाले, काहींची कातडीच तशी असते. पण आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमनला, आण्णाला, डॉक्टरपेक्षा जास्त कळतं ना! पाण्याच्या टँकरच्या रांगेत सगळ्या बायांसमोर माझ्याकडं बोट करून म्हणाला, "मास्तर सकाळी सकाळीच घेऊन येतेत." दारूच्या थेंबाला कधी शिवलो नाही मी. तरी माझ्या लेकीची, शालूची जमत आलेली सोयरीक त्या एका बोलण्यानं मोडली.

आज टेकडीवर श्रमदान होतं. पाणी अडवायला चर खोदायचे. आण्णा नेहमीसारखा फोटोपुरता आला. फोटो झाला, टिकाव खाली ठेवायला लागला, तसा मी ओरडलो, "एक अख्खा चर चेअरमनसाहेब खोदणार! टाळ्या!" टाळ्या पडल्या. आता ठेवतो कसा? अर्धा चर होईस्तोवर तोंड लालभडक. माझ्याहून लाल! मी जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"आण्णा, सकाळी सकाळीच?"

सगळी टेकडी हसली.

"आईशप्पथ, न्हाई घेतली!" आण्णा केकाटला. "दमून झालंय बे!"

"मीबी हेच सांगत होतो."

घरी आल्यावर शालू म्हणाली, "दादा, बास झालं आता."

बास? चर अजून अर्धाच झालाय.