कोरड्या डोळ्यांचं प्रवचन

ग्रुनाउ, सॅक्सनी
२ नोव्हेंबर १६११

चि. काश्पर यास,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपण दोघेही चर्चचे पाळक. लोक प्रवचनाला घोरतात, हे आपलं सामाईक रडगाणं. परवा ओटिलिएच्या लेकाच्या अंत्यविधीला मात्र कुणी घोरलं नाही. तुझं बोलणं चालू असतानाच ती, आपली धाकटी बहीण, उठून बाहेर गेली. अभिनंदन!

पोर पेटीत निजलेलं, आणि तू आईला सांगतोस की शोक हा बुद्धीचा आजार आहे. शहाण्याने मूल मर्त्य समजूनच कुरवाळावं! हे अथेन्सच्या ओसरीवर बसून भावना मारायला शिकवणाऱ्या ग्रीक पंडितांचं शहाणपण. त्या ओसरीवर पाळणा कधी हलला होता का रे? वर व्यासपीठावरचं वाळूचं घड्याळ संपलं, तर ते उलटवून पुन्हा सुरू झालास! विद्यापीठात ग्रीक शिकलास, घरची भाषा कुठे सांडलीस?

ओटिलिए आता चर्चची पायरी चढत नाही. म्हणते, देव इतका कोरडा असेल तर मला नको.

तुझा,
योर्ग

९ नोव्हेंबर

ती. योर्गदादास,
सा. न. वि. वि.

पत्र कसलं, चाबूक! वहिनीच्या आंबवलेल्या कोबीने तुझी जीभही आंबली वाटतं. जुने धर्माचार्य त्याच ग्रीक विहिरीचं पाणी प्यायले. तुझ्या प्रवचनात दर नाताळाला विवेक आत्म्याचा सारथी होऊन येतो, तोही ग्रीकांचाच, की बेथलेहेमच्या गोठ्यात जन्मला?

पण दादा, ते पोर म्हणजे माझा धर्मपुत्र. बाप्तिस्म्याला मीच त्याला हातांवर धरलं होतं. त्या ग्रीक वाक्यांना धरूनच त्या दिवशी उभा राहिलो. नाहीतर पेटीकडे पाहून कोसळलो असतो. रोज ओटिलिएच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

काश्पर

१५ नोव्हेंबर

चि. काश्पर यास आशीर्वाद.

गाढवा, हे तिला का नाही सांगितलंस?

सारथी माझ्याकडे येतो, कबूल. पाहुणा म्हणून येऊ दे. पण मर्तिकाच्या घरात पाहुण्याने घरच्यांना गप्प करायचं नसतं. ज्या प्रभूचं नाव घेऊन तू व्यासपीठावर चढतोस, तो मित्राच्या थडग्यापाशी रडला होता. आणि मेलेला मित्र आपल्या हाकेने आता जिवंत उठणार, हे त्याला ठाऊक होतं! त्याला काय म्हणतील तुझे ओसरीवरचे पंडित? आजारी?

लोभ आहेच, म्हणून तर शिव्या देतो. हे पत्र वाचून झालं की पाळकाचा झगा खुंटीला टांग, ओटिलिएचं दार वाजव, आणि तिने उघडलं की एक शब्दही न बोलता तिच्यासमोर रड.