‘विवाह ठरला’पुढची खूण

पेण, रविवार दुपार

प्रिय निमिष,

पाकीट बघून दचकशील. पेणहून रोह्याला पत्र टाकणारी बाई आता मीच उरले असेन. पण फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ करत दुसरंच काहीतरी करत असतोस, आणि मला मध्येच रडू आलं की फोन बायकोच्या हातात देतोस. म्हणून लिहिते आहे. धाटावला शिफ्टला जाताना बसमध्ये वाच, घरी नको.

आई गेल्यापासून रविवार मला खायला उठतो, हे त्र्यंबककाकांनी बरोबर ओळखलं. मंडळाचे चिटणीस ना ते, वधूवर मंडळाच्या कचेरीची किल्लीच त्यांनी हातात ठेवली. म्हणाले, निमिषला वेळ नाय, मला त्या कॉम्प्युटरचं काय कळत नाय, तू बस. तू नोकरीला लागलास त्या वर्षी बनवलेला तुझा फॉर्म अजून तसाच चालतो, हे सांगायला हवं. एका वेळी पडद्यावर एकच माणूस. डावीकडे फोटो, उजवीकडे जन्मतारीख, गोत्र, उंची, शिक्षण, अपेक्षा, तळाशी बाण. बाण दाबला की पुढचं स्थळ. लोक आता मोबाइलवर बघतात, तरी नागोठण्याची, निडीची जुनी माणसं अजून येतात, चष्मा पुसत माझ्या शेजारी बसतात आणि ‘हं, पुढे’ म्हणत एकेकाला दोन सेकंदांत निकालात काढतात. मला गंमत वाटायला लागली होती, खोटं कशाला बोलू. एवढंच चमत्कारिक वाटायचं की फॉर्म उघडला की पहिली दिसते ती नोंद क्रमांक दोन. म्हटलं, एक नंबर तू चाचणीला भरून पुसला असशील.

गेल्या रविवारी काकांना वार्षिक सभेसाठी आकडा हवा होता, आजवर मंडळातून किती लग्नं जमली त्याचा. ‘विवाह ठरला’पुढे खूण केली की ती नोंद फॉर्म लपवून ठेवतो, बघणाऱ्यांचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून. शहाणपणाचंच काम. तो फिल्टर कसा काढायचा ते तूच मला फोनवर सांगितलंस. घाईत होतास, फार विचार केला नसशील. मी बटण दाबलं. दोनशे सत्त्याऐंशीच्या एक हजार सेहेचाळीस नोंदी झाल्या आणि फॉर्म आपणहून पहिल्या नोंदीवर गेला.

तिथे मी होते. एकोणतीस वर्षांची, आंबा रंगाची साडी, स्टुडिओवाल्याने हनुवटी वर करायला लावलेली. ‘विवाह ठरला’पुढे खूण. आणि खाली, तुझ्याच फॉर्मच्या शिस्तीप्रमाणे: शेवटचा बदल, १४ जून २००९, निमिष.

आईला अर्धांगाचा झटका आला तो त्या मे महिन्यात. तुझं लग्न डिसेंबरात. आईजवळ कुणीतरी हवं होतं आणि तुला रोह्याला संसार मांडायचा होता. एवढं समजायला मला काही पंचांग उघडावं लागलं नाही. तू विचारलं असतंस तर मी राहिलेही असते, निमिष. सोळा वर्षं तिला कुशीवर वळवली, त्याचं मला काही वाटत नाही. विचारलं नाहीस, त्याचं वाटतं. उलट दर दिवाळीला यायचास, करंजी खाता खाता मान खाली घालून म्हणायचास, यंदाही कुणी विचारलं नाही ताई. आणि मी वेडी तुझीच समजूत घालायचे.

बत्तिसाव्या वर्षी मी तुला म्हटलं, ते उंचीचं काढून टाक. पस्तिसाव्या वर्षी म्हटलं, घटस्फोटित चालेल असं लिही. अडतिसाव्या वर्षी, तुझी बायको भूमिका स्वयंपाकघरात आहे हे बघून, हळूच सांगितलं की विधुर चालेल, पदरी मूल असलं तरी चालेल. तू मान डोलावलीस, मोबाइलमध्ये टिपूनही घेतलंस. फॉर्ममध्ये माझ्या अपेक्षा अजून त्याच आहेत: पदवीधर, उंची पाच फूट आठ, पुणे-मुंबई चालेल. थाट बघ माझा. मी लाज सोडून एकेक अट उतरवत गेले आणि तू नुसता बसून ऐकून घेतलंस. खुणेपेक्षा मला त्याचा राग जास्त आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मोबाइलवरच्या साइटवर नाव घालू का, असं मी आईला दोनदा विचारलं होतं. परक्यांत फोटो कशाला, मंडळात नाव आहे ना तुझं, असं म्हणायची. आणि शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून, वाकड्या तोंडाने, एकच वाक्य सारखं म्हणत होती: “अनू, मला माफ कर गो.” कशाबद्दल ते बोलली नाही. मला वाटलं आजारपणाबद्दल, म्हणून मी तिचं तोंड पुसलं आणि चहा करायला उठले. तेव्हा एकच सांग: तू एकट्याने केलंस, की तिला माहीत होतं? पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, दोन दिवस आधी रोह्याला ये, आईच्या हातची चव फक्त तुलाच जमते, असं काल म्हणालास. तिला माहीत नव्हतं असं लिहिलंस तर मी येईन, सगळा स्वयंपाक करीन, तुझ्याशी मात्र बोलणार नाही. माहीत होतं असं लिहिलंस तर स्वयंपाकाला दुसरी बाई बघ. आणि मला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नकोस. माझ्याबद्दल तू एकदा खोटं भरलंस, तेवढं जन्माला पुरलं.

तुझीच,
अनिता