हरकत कोणाचीच नाही

डिंडोली, सुरत
१४ मार्च १९९७

प्रिय ललित,

तुझं पत्र मिळालं. बायकांच्या संडासाची मागची भिंत फोडून तिथे दार कुणी काढलं, त्यांची नावं खासगीत कळव, म्हणजे टपरीवाल्या भिकनची तक्रार वरच्यावर मिटवतो, असं लिहिलंयस. वा रे माझ्या शहाण्या भावा! अहमदाबादला पंख्याखाली बसून तू आमची गल्ली मिटवणार.

प्लेगनंतर शहर झाडून-पुसून काढायचं ठरलं, तेव्हा तुझी संस्था इथे आली. लोकांना विचारून शहर घडवायचं, असं तू माईकवर सांगितलंस. चाळीस घरांच्या गल्लीत माईक कशाला, ते तुलाच ठाऊक. रंगीत खडूंनी नकाशा काढलात आणि बायकांचा संडास कुठे हवा ते विचारलंत. कधी, तर दुपारी चारला. चारला नळ येतो आणि पाचला जातो, गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका हंड्यांमागे उभ्या. तू सहा वर्षं माझ्या घरी राहून शिकलास, स्वतः हंडे वाहिलेस, आणि तुला नळाची वेळ आठवू नये? सतरंजीवर होते ते रात्रपाळी करून उठलेले लूमवाले पुरुष. त्यांनी आमचं दार ठरवलं भिकनच्या पानटपरीसमोर. रस्त्याकडे तोंड असलं की स्वच्छ राहतं म्हणे. तुम्ही टाळ्या वाजवल्यात.

त्या दारातून वर्षभरात एक बाई आत गेली नाही. टपरीवर सकाळपासून आठ-दहा जण पिचकाऱ्या मारत उभे असतात, त्यांच्यासमोरून डबा घेऊन कोण जाईल? शेजारच्या शांताबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "तठे कोण जाई व माय?" अडाणी बाई, तुमचा नकाशा तिला वाचता येत नाही. आम्ही आपल्या पूर्वीसारख्या पहाटे रुळांकडे, आणि आत भिकनच्या सोड्याची खोकी. तुमच्या अहवालात मात्र त्याच दाराचा फोटो, खाली 'लोकसहभागाचा नमुना'. तू मोठ्या हौसेने मला पाठवला होतास. आमचा तांदळाचा डबा डुगडुगत होता, त्याच्याखाली सारला.

आता माझ्या लेकीचं, वर्षाचं ऐक. तुझ्या भाचीला तेरावं लागलंय. दिवसभर जाता येत नाही म्हणून पोरीने पाणी पिणंच सोडलं, आणि मला, तिच्या आईला, ते कळलं ताप चढल्यावर. दहा दिवस सलाईन. मूत्रपिंडाला सूज आहे, भरपूर पाणी पाज, असं डॉक्टरांनी मलाच सुनावलं. पोर पेल्याकडे अशी बघायची जणू त्यात विष आहे. दवाखान्यातून आणली त्याच संध्याकाळी मी अनुसयाकडे गेले. ती मराठवाड्याची, गवंड्याच्या हाताखाली राबते. रविवारी आम्ही पाच जणींनी मागची भिंत फोडली, त्याच विटांनी पुढचं दार बुजवलं आणि भिकनची खोकी त्याच्या टपरीपुढे रचून ठेवली. अनुसयाने ना नकाशा काढला ना माईक मागितला. वर्षा आता पाणी पिते.

नावं हवीत ना? पाचही देते, खासगीत नाही, चारचौघांत देते, आणि पहिलं माझं लिही. पण हे पत्र तुझ्या चौकशीसाठी लिहिलेलं नाही. त्या सभेत एक बाई होती, ललित. चहाचा ट्रे घेऊन मीच उभी होते. कोणाची हरकत आहे का, असं विचारून तू माझ्याकडे पाहिलंस. मला सगळं कळत होतं. पण तुझ्या संस्थेच्या साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर इस्त्रीच्या शर्टात माझा भाऊ बसला होता, चारचौघांत त्याचं नाक कसं कापायचं? मी गप्प बसले, आणि साहेबांना दुसरा कप दिला. तुम्हा सगळ्यांना वर्षभर नावं ठेवते आहे, पण खरी किळस येते ती त्या ट्रेवाल्या बाईची. तिचं गप्प बसणं माझ्या लेकीच्या अंगावर निघालं. अहवालात तू लिहिलंयस, 'हरकत : कोणाचीच नाही.' ते खोड आणि तिथे माझं नाव घाल. अक्का लिहू नकोस, पूर्ण लिही.

तुझीच,
सुमन सुकलाल महाजन